माझे साडू आणि एका थंड देशाचं सरकार

पृथ्वी वाचवायला निघालेली माणसं जगात पुष्कळ असतील, पण त्या कामाची सुरुवात माझ्या स्वयंपाकघरापासून करणारे माझे साडू एकटेच. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. रांझीजवळच्या मोठ्या फॅक्टरीत, भट्टीखात्यात त्यांची सगळी नोकरी झाली. मी रेल्वेच्या कार्यालयात फायली सरकवल्या आणि मदन महलला दोन खोल्या बांधून निवृत्त झालो. आमची दोन्ही घराणी मूळची अमरावतीकडची, पण इतक्या पिढ्या जबलपुरात मुरलेली, की आमचं मराठी घरातून निघतं आणि फाटकापर्यंत पोचेस्तोवर त्याचं हिंदी होतं. साडू कुणाकडेही गेले की पाणी मागत नाहीत, खुर्ची मागत नाहीत, सरळ स्वयंपाकघरात शिरतात. खिशातून पांढराशुभ्र रुमाल काढतात, ओट्यावरची भिंत पुसतात आणि तो रुमाल उजेडात धरून घरच्या बाईला म्हणतात, "पाहा बाई, हे तुमच्या फेफड्यात जाऊन राहिलं." आमच्याकडे हा प्रसंग पहिल्यांदा घडला तेव्हा माझी बायको आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. मेहुणे तिचे होते, गुन्हा धुराचा होता, शिक्षा मला झाली. आमच्या घरात न्यायदान साधारण याच पद्धतीनं चालतं.

धूर हा त्यांचा खानदानी शत्रू असावा, अशा वैरानं ते त्याच्याकडे बघतात. लग्नाला गेले तर वधूवरांना अक्षता टाकायच्या आधी मांडवामागे जाऊन आचाऱ्याची भट्टी तपासणार. आमच्या एका पुतणीच्या लग्नात त्यांनी ऐन पंगतीच्या वेळी भट्टीच्या दोन विटा काढून जागा बदलायला लावल्या. धूर खरोखर कमी झाला, पण पुऱ्या तळायला इतका उशीर झाला की वरपक्षातल्या एका वयस्कर मामांनी भुकेपोटी आहेरातला पेढ्यांचा डबा फोडला. ग्वारीघाटावर आमच्या एका शेजाऱ्याच्या अंत्यविधीला गेलो असताना सगळे हात जोडून उभे होते आणि हे चितेभोवती फिरत हळू आवाजात म्हणत होते, "हवा बरोबर मिळून नाही राहिली." मी त्यांची बाही ओढली. ते कुठले ऐकतात! पुढे होऊन त्यांनी काठीनं दोन लाकडं सरकवली आणि ज्योत अशी सरळ उभी राहिली की शेजाऱ्याचा मुलगा रडता रडता त्यांच्या पाया पडला. परतताना मला म्हणाले, "तुम्ही लाजता फार. लाजून काही जळत नाही."

निवृत्तीनंतर लोक तीर्थयात्रेला जातात. साडू चुलीकडे वळले. बरेल्याच्या पुढे एक खेडं आहे. फॅक्टरीतल्या एका सोबत्याच्या घरी तिथं ते जेवायला गेले होते. पाटावर बसले आणि धुरानं समोरचं ताटच दिसेना. वाढणारी बाई पदरानं डोळे पुसत हसत होती. तिचं नाव फुलवती. "आदत है भैया," ती म्हणाली. या दोन शब्दांनी साडूंची झोप उडवली. मग सुरू झालं ते चुलीचं संशोधन. आतून मातीचं अस्तर, बाहेरून पत्रा, मागे छपराबाहेर निघणारा पाइप, अशी ती बिनधुराची चूल. तिची सगळी बाळंतपणं माझ्या गच्चीवर झाली, कारण रांझीच्या घरी ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीनं, आधीच सांगून ठेवलं होतं, "पापड वाळवायच्या जागी प्रयोग चालणार नाही." माझ्या गच्चीवर पापड नव्हते. बायकोनं विरोध केला होता, पण तिचा राग पूर्वीप्रमाणेच माझ्याकडे वळता झाल्यानं साडूंपर्यंत पोचला नाही.

चूल जमली. जमली म्हणजे खरंच जमली. लाकूड कमी खायची आणि धूर सरळ पाइपातून वर जायचा. अडचण एवढीच होती की फुलवतीच्या गावात घराघरात ती पोचवायची कशी. अशात एका सकाळी ते हातात वर्तमानपत्र नाचवत आले. बातमी अशी होती की दूरच्या एका थंड देशाचं सरकार, हवामान वाचवणाऱ्या लहान लहान कामांना आपल्यासारख्या देशांत पैसे देतं. दिल्लीत त्यांचा दूतावास आहे, तिथं अर्ज करायचा. मी म्हणालो, "भाऊजी, त्यांना आपल्या चुलीचं काय पडलंय?"

"काहून नाही? त्यांच्या आजा-पणजानं कोळसा जाळला, कारखाने काढले, अख्ख्या दुनियेत धूर सोडला. आता नातवांना लाज वाटून राहिली. चांगली गोष्ट आहे. आपण त्या लाजेला बसायला जागा देऊ."

इंग्रजीत लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. आमच्या नातेवाइकांत माझं इंग्रजी नावाजलेलं आहे, आणि त्याचं कारण एकच, की बाकी कुणी ते तपासलेलं नाही. रेल्वेत सारी हयात मी जे इंग्रजी लिहिलं त्यात दोनच भावना होत्या: एक, पत्र मिळालं, दोन, उत्तर का मिळालं नाही. या भांडवलावर मी पृथ्वीच्या भवितव्याबद्दल लिहायला बसलो. 'विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टु स्टेट' अशी सुरुवात केली आणि शेवटी सवयीनं लिहून गेलो की चुलीची बाब अत्यंत तातडीची समजून संबंधित विभागास योग्य ते आदेश व्हावेत. तरीही दूतावासाकडून उत्तर आलं. त्यांनी विचारलं होतं, तुमची 'थिअरी ऑफ चेंज' काय? मी रात्रभर विचार करून ठरवलं की हे बदलीचे नियम विचारतायत, आणि सकाळी साडूंना सांगितलं की निवृत्त माणसाची बदली होत नाही असं लिहू. त्यांनी ते पत्र माझ्या हातून काढून घेतलं. "साडूभाऊ, ते विचारून राहिले की चूल आली तर काय बदलेल. लिहा, फुलवती रडणार नाही." मी लिहिलं. पुढचा प्रश्न होता, प्रकल्पात स्त्रियांचा सहभाग किती? साडू खाकरले आणि आतल्या खोलीकडे बघू लागले. आतून ताईंचा आवाज आला, "सगळाच लिहा. हे फक्त बोलून राहिले." तेही लिहिलं. एका रकान्यात विचारलं होतं, या कामात धोका कोणता? मी सरकारी शिस्तीनं लिहिलं, 'निरंक'.

या अर्जाचं काय झालं असेल असं वाटतं? दूतावासाच्या मॅडम चूल बघायला स्वतः आल्या. तरुण, उंच, उन्हानं लालबुंद झालेल्या, आणि हिंदी असं बोलणाऱ्या की प्रत्येक शब्द जपून खाली ठेवल्यासारखा. फुलवतीच्या अंगणातल्या छपराखाली प्रात्यक्षिक ठरलं, आणि नमुन्याची एकुलती चूल माझ्या गच्चीवरून एका दिवसापुरती तिथं नेली. स्वागताची जबाबदारी मी मागून घेतली होती. झेंडूचे हार आणले होते, भाषण पाठ केलं होतं. एक हार जास्त झाला, तो वाया कशाला घालवा, म्हणून मी चुलीचा सत्कार केला. पाइपाचं टोक छपरावर होतं. शिडीवर चढून मी हार त्याच्या तोंडावर बसवला आणि खाली येऊन बोलायला उभा राहिलो. 'बेनिफिशियरी' हा शब्द मी इतक्या आत्मविश्वासानं उच्चारत होतो की मॅडमनी शेजारच्या बाईला विचारलं, हे एखाद्या देवाचं नाव आहे का. तेवढ्यात फुलवतीनं चूल पेटवली. आधी थोडा धूर आला. मग पुष्कळ आला. मग सगळं अंगण, पाहुण्या, गावकरी आणि माझं भाषण त्यात दिसेनासं झालं. खोकल्यांचा एकच कल्लोळ उठला. मी मात्र बोलतच होतो, कारण श्रोते दिसत नसले की मला भाषण चांगलं जमतं. साडू धावत शिडीवर चढले. पाइपात उतरलेला हार त्यांनी ओढून काढला, अर्धा जळलेला. धूर हळूहळू निवळला. मॅडमच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. संपलं सगळं, असं मला वाटलं.

साडू वरूनच म्हणाले, "मॅडम, ये था हमारा बेसलाइन. प्रोजेक्ट अब शुरू हो रहा है."

मॅडम आधी थबकल्या आणि मग पोट धरून हसल्या. 'बेसलाइन' हा शब्द, म्हणजे काम सुरू होण्याआधीची परिस्थिती, त्यांच्याच पत्रात होता. मी तो दहादा वाचला होता आणि मला कळला नव्हता. त्यानंतर चूल तासभर निमूट जळली. मॅडमनी तिच्यावरची भाकरी खाल्ली, ताईंनी नेलेला ठेचा खाल्ला आणि पुन्हा रडल्या, पण त्या रडण्यात धुराचा भाग नव्हता.

काही आठवड्यांनी कळलं, प्रकल्प तत्त्वतः मंजूर. रेल्वेत आयुष्य घालवलेल्या माणसाला 'तत्त्वतः' या शब्दाचा अर्थ कळायला हवा होता. पण मला मंजूर एवढंच ऐकू आलं. थंड देशाचं सरकार आपल्याला चर्चेसाठी बोलावणार, अशी माझी खात्री झाली. कुणाला न सांगता मी पासपोर्ट काढला. त्या फोटोत मी फरार वाटतो, असं बायको म्हणते. घरी काट्या-चमच्यानं पोहे खायचा सराव सुरू केला. शेंगदाणे निसटून पलंगाखाली जायचे आणि दुपारी मुंग्या यायच्या. भाजीवाल्याला मी सांगू लागलो की ही कोथिंबीर म्हणजे कार्बन आहे. तो म्हणाला, "नहीं साहब, धनिया है, एकदम ताज़ा." तिकडे साडूंनी रिछाईला एका ओळखीच्याच्या कारखान्यात एक कोपरा मिळवला, पत्रा कापायची तयारी केली आणि गावात जाऊन बायकांना सांगितलं, जागा मोकळी करून ठेवा, दिवाळीपर्यंत चुली येतील. फुलवतीनं त्याच दिवशी आपली जुनी चूल फोडली. तिचं बघून आणखी काही घरांत कुदळी चालल्या.

आणि मग त्या थंड देशात निवडणूक झाली. साडू तिथल्या बातम्या आम्ही सोयरिकीच्या घरची खबर ठेवतो तशा ठेवत. "त्यांच्याकडचं वारं काही ठीक नाही दिसत," असं ते मला एक-दोनदा म्हणालेही होते. मी हसलो होतो. एका दुपारी मॅडमचा व्हिडिओवर फोन आला. आम्ही रांझीला साडूंच्या पडवीत बसलो होतो. मॅडमच्या मागची भिंत रिकामी होती आणि खाली खोकी रचलेली होती. नव्या सरकारनं ठरवलं होतं की आपला पैसा आपल्या घरात. बाहेरच्या देशांतली हवामानाची सगळी कामं थांबवायची. चालू होती तीही, आणि आमच्यासारखी तत्त्वतः होती तीही. मॅडम सावकाश, एकेक शब्द सांगत होत्या आणि मी भाषांतर करत होतो. खरं म्हणजे भाषांतराची गरज नव्हती, त्यांचा चेहरा पुरेसा होता. पण मला काहीतरी करायचं होतं.

मॅडमचं बोलून झालं. मी साडूंकडे बघितलं. आता हे संतापणार, आजा-पणजाच्या कोळशाचा हिशेब मांडणार, असं मला वाटलं. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला, चष्मा वर केला आणि विचारलं, "बेटा, वो तो ठीक है. आपकी नौकरी?"

मॅडमनी मान हलवली. नोकरीही गेली होती. तोवर शांत असलेली ती मुलगी एवढ्या प्रश्नानं कोसळली. ताई आतून हात पुसत आल्या, फोनच्या इतक्या जवळ वाकल्या की मॅडमना त्यांचं फक्त कुंकू दिसत असावं, आणि मराठीत म्हणाल्या, "जेवली का तू?" याचं भाषांतर मला करता आलं नाही. पण मॅडमनी मान डोलावली, म्हणजे कळलं असावं.

गावात सांगायचं बाकी होतं. मी म्हणालो, भाऊजी, आत्ताच कशाला? सरकारी कामं लांबतातच, लोक आपोआप विसरतात. हा माझा नोकरीतला एकमेव सिद्ध झालेला सिद्धान्त. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आणि ताई बसस्टँडवर उभे होते, आणि मीही, कारण बायकोनं मला तिथं पाठवलं होतं.

फुलवती अंगणात तीन विटा मांडून स्वयंपाक करत होती. वारा होता, जाळ एका बाजूला पळत होता. साडूंनी उभ्याउभ्याच सांगितलं. पैसे येणार नाहीत, चुली येणार नाहीत, चूल फोडायला मी सांगितलं होतं, चूक माझी आहे. त्यांनी दूतावासाचं नाव घेतलं नाही की त्या देशाचं. फुलवती बराच वेळ जाळ सारखा करत राहिली. मग म्हणाली, "भैया, हमने तो पूछा भी नहीं था. तुमई कहत रहे." तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. आणखी दोन-चार बायका जमल्या. त्यांतली एक मात्र चांगलीच रागावली आणि तिनं जे सुनावलं ते ऐकून मी अंगणातल्या शेळीकडे बघत राहिलो. साडू मान खाली घालून ऐकत होते. भट्टीखात्यात ज्यांचा आवाज तीन शेडपर्यंत जायचा, असं म्हणतात, ते.

ताईंनी पदर खोचला. "चला," त्या फुलवतीला म्हणाल्या, "माती कुठली आणता तुम्ही?"

आणि मग मी जे बघितलं ते सांगितलं तर त्यांच्या फॅक्टरीतलं कुणी विश्वास ठेवणार नाही. धुराचा तो हाडवैरी, ज्यानं लग्नातल्या भट्ट्या उलटवल्या, तो गुडघे टेकून साधी, जुन्या पद्धतीची, धूर करणारी मातीची चूल घालत होता. घालत होता म्हणजे ताई आणि फुलवती घालत होत्या आणि हे चिखल तुडवत होते, कारण मातीची चूल त्यांना येत नव्हती आणि त्यांनी हात लावला की ती खचत होती. मला पाणी आणायचं काम होतं. मी निम्मं आणायचो, निम्मं धोतरावर... नाही, पँटवर सांडायचो. धोतर नेसलो असतो तर शोभलं तरी असतं. साडूंनी कुंभाराकडून उरलेली गोल नळीची कवेलू, म्हणजे कौलं, मागून आणली, एकात एक बसवून भिंतीतून बाहेर काढली. जेवढा धूर जाईल तेवढा जाऊ दे. चार-सहा दिवस आम्ही जात होतो. जिथं फोडल्या होत्या त्या सगळ्या घरांत चुली उभ्या राहिल्या. निम्मा धूर बाहेर जायचा, निम्मा घरात राहायचा. रागावलेल्या बाईच्या घरची चूल शेवटी झाली. तिनं पेटवली, थोडी खोकली आणि म्हणाली, "चलो, पहले से तो अच्छी है." साडूंच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. ते धुराकडे बघत होते, एखाद्या परीक्षेत नापास झालेलं पोर गुणपत्रिकेकडे बघतं तसे.

थंडीत मॅडम आल्या. कुणी पाठवलं नव्हतं, कसला दौरा नव्हता, स्वतःच्या खर्चानं, पाठीवर एक पिशवी घेऊन. मायदेशी परत जायच्या आधी गावात जाऊन स्वतःच्या तोंडानं सांगायचं, असं त्यांचं म्हणणं होतं. "हो मी म्हटलं होतं, त्यामुळे नाहीही मीच म्हणायला हवं," त्या म्हणाल्या. ताईंनी त्यांना हॉटेलात उतरू दिलं नाही. आठवडाभर त्या रांझीच्या घरात राहिल्या, ताईंची साडी नेसून संध्याकाळी सडकेवर फिरायला गेल्या, आणि फॅक्टरीची पाळी सुटली की सायकलींचा तो लोंढा थांबून त्यांच्याकडे बघायचा. गावात त्यांनी आपलं जपून ठेवलेलं हिंदी काढलं आणि म्हणाल्या, "मैंने झूठ नहीं बोला था. पर सच भी नहीं हुआ." फुलवतीनं त्यांना चुलीजवळ बसवलं आणि चहा दिला. त्या दोघी बराच वेळ बसल्या होत्या. काय बोलल्या ते मला माहीत नाही. माझी भाषांतराला गरज पडली नाही, असं दिवसभरात पहिल्यांदाच झालं आणि त्याचं मला वाईटही वाटलं नाही.

त्यांना गाडीत बसवायला आम्ही दोघं स्टेशनवर गेलो. ताई आल्या नाहीत. डोळ्यांत काही गेलंय म्हणाल्या. साडूंनी डब्यात चढून मॅडमची जागा तपासली, खिडकी लागते का बघितलं, शेजारच्या कुटुंबाला बजावलं की पोरगी एकटी आहे, लक्ष ठेवा. गाडी सुटली. मॅडम दारात उभ्या राहून हात हलवत होत्या, आणि साडू प्लॅटफॉर्मच्या टोकापर्यंत गाडीबरोबर चालत गेले. तिथून परत यायला त्यांना वेळ लागला.

रांझीला आम्ही ऑटोनं निघालो. वाटेत ते म्हणाले, "साडूभाऊ, त्यांच्याकडचं सरकार बदलते ना परत?"

"बदलतंच. सगळीकडचं बदलतं."

"तेव्हा आपण असू?"

मी म्हणालो, "तुम्ही तर असालच. तुमच्याशिवाय चितेला हवा कोण देईल?"

ते हसले. त्या दिवसात पहिल्यांदा. घरासमोर ऑटो थांबला. उतरताना त्यांनी माझा हात धरला आणि उतरल्यावरही बराच वेळ सोडला नाही. ऑटोवाला पाहत होता, मी पाहत होतो, आणि ते दूर कुठंतरी पाहत होते. पायात गोळा आला होता, असं ते मागाहून म्हणाले. मीही तेच धरून चाललो आहे.